दुकानाची पाटी: आधी रस्त्यापलीकडून वाचा

पाटीचं डिझाइन मोबाइलवर बघून 'ओके' करू नका. नाव खऱ्या मापात साध्या कागदांवर छापा, कागद जोडून दुकानावर चिकटवा आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन वाचा. ढोबळ हिशेब असा: दर 10 फुटांना अक्षराची उंची किमान 1 इंच. 40 फुटांवरून वाचायचं तर 4 इंच, आणि तेही वेलांटी-उकार सोडून.

देवनागरीत घोळ होतो तो इथेच. वरची मात्रा, खालचा उकार आणि जोडाक्षरं यांना जागा लागते. डिझायनर ओळी दाबून बसवतो आणि 'कृष्णा'चा ऋकार खालच्या ओळीत घुसतो. फार वाईट दिसतं ते. 'मुक्त' (Mukta) किंवा 'बालू' (Baloo) हे फाँट मोफत आहेत, दुरूनही स्वच्छ वाचता येतात. फ्लेक्सवाल्याकडे फाइल कर्व्ह करूनच (म्हणजे अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून) पाठवा, नाहीतर फाँट बदलून जोडाक्षरं फुटतात.

महाराष्ट्रात 2022 पासून लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची आहे. मराठी अक्षर इतर भाषांपेक्षा लहान चालत नाही. म्हणून मांडणीची सुरुवातच मराठी नावापासून करा. आणि फोन नंबर एकच टाका.