डिस्क ब्रेक घासतोय? आधी चाक बघा
चाक फिरवताना खर्र खर्र आवाज आला की लगेच कॅलिपरला (ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागाला) हात घालू नका. सायकल जमिनीवर सरळ उभी करा, क्विक रिलीज (चाक पकडून ठेवणारा खटका) सैल करून चाक नीट बसवा आणि पुन्हा आवळा. बरेचदा दुखणं इथेच मिटतं.

नाहीतर ५ मिमी ॲलन कीने कॅलिपरचे दोन्ही बोल्ट थोडे सैल करा. ब्रेक घट्ट दाबून धरा आणि बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे आवळा. आवळायला ६ ते ८ न्यूटन मीटर जोर पुरे. ही युक्ती हायड्रॉलिकची, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची. केबलच्या ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड सरकतो, तिथे आतल्या पॅडचा स्क्रू फिरवावा लागतो.

दर फेरीत एकाच जागी घासतंय? मग रोटर, म्हणजे चाकावरची ब्रेकची चकती, वाकलाय. चेनचं तेल मात्र रोटरवर उडू देऊ नका. तेल प्यायलेले पॅड बहुतेक बदलावेच लागतात.

चाकाच्या कडेला दाबणाऱ्या रिम ब्रेकला रोटरची कटकट नाही, पण पावसाळी घाटात चिखलाने रिमच झिजते.