एकच डॉट एनसी, आत फॉरमॅट मात्र वेगळा (माझा अनुभव)

नाशिकला आम्ही निफाड-दिंडोरी पट्ट्यातला पाऊस आणि आर्द्रता काढतो, द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी रोगाचा अंदाज लागतो म्हणून. तर झालं असं की नेटसीडीएफच्या (हवामानासारखा डेटा ठेवायचा फाइल फॉरमॅट, एक्स्टेन्शन डॉट एनसी) काही फायली सायपायच्या (पायथनची एक लायब्ररी) रीडरमध्ये मस्त उघडायच्या आणि काही थेट एरर द्यायच्या, नाव तेच, एक्स्टेन्शन तेच, त्यामुळे सगळ्यांना वाटलं डाउनलोडच खराब झालंय.

खराब काही नव्हतं. हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारं टूल) पहिले बाइट बघा. जुन्या क्लासिक फाइलची सुरुवात सी-डी-एफ अक्षरांनी होते आणि चौथा बाइट व्हर्जन सांगतो, १, २ किंवा ५. नेटसीडीएफ-४ ची फाइल मात्र आतून एचडीएफ५ (हा वेगळाच फॉरमॅट) असते, तिथे एका विचित्र बाइटनंतर एच-डी-एफ दिसतं, आणि सायपायचा तो रीडर फक्त क्लासिक वाचतो. एवढंच बघायचं तर हेक्सपण नको, नेटसीडीएफच्याच एनसीडम्प कमांडला मायनस के द्या, प्रकार सांगतो.

मग एनसीकॉपी या तिथल्याच दुसऱ्या कमांडने फायली क्लासिकमध्ये बदलल्या. क्लासिकमध्ये कॉम्प्रेशन नसतं, त्यामुळे साइझ वाढते, आणि फाइलमध्ये ग्रुप (फोल्डरसारखे कप्पे) असतील तर हा उपाय चालत नाही, तिथे रीडरच बदला. आणि लायब्ररीचं व्हर्जन म्हणजे फाइलचं व्हर्जन नाही हं, ४ वाली लायब्ररी क्लासिकपण लिहिते. सीएफचा (डेटाची नावं, युनिट कशी लिहायची त्याचे नियम) आकडा तर तिसराच, तो कन्व्हेन्शन्स अॅट्रिब्यूटमध्ये असतो.

आता आम्ही फाइलच्या नावातच क्लासिक की एनसी४ ते लिहितो. माझ्या मते हे डेटा देणाऱ्यानेच करायला हवं.