फायबरच्या होडीतले कुजलेले आधार बदलण्याआधी

मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणून होडीच्या तळाला आतून बळ देणारे, फायबरमध्ये गुंडाळलेले लाकडी आधार बदलायचं काम सगळे तेव्हाच काढतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, तळ मेमध्येच उघडा. पावसाळी हवेत उघडं पडलेलं लाकूड सुकत नाही आणि दमट थरांवर रेझिन (फायबर चिकटवणारं द्रव) नीट धरत नाही. पंधरा दिवसांच्या मासळीवर पाणी सोडावं लागलं तरी चालेल.

कापण्याआधी खात्री करा. लांबीचे आधार हातोडीने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर संशय. मग बारीक ड्रिलने खालच्या अंगाला, विशेषतः इंजिनाच्या बोल्टांजवळ आणि पाणी वाहायच्या भोकांपाशी भोकं पाडा. भुसा काळा, ओला निघाला तर तिथलं लाकूड गेलंच. बहुतेक वेळा खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी ते कुजवतं. न भरलेल्या स्क्रूच्या भोकातून आत शिरतं आणि फायबरच्या वेष्टनात कोंडून राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. होडी ट्रॉलीवर असताना ग्राइंडर लावू नका. ट्रॉलीचे रूळ दोन-चार ठिकाणीच टेकतात, मधला तळ आधारांनीच तोललेला असतो. ते काढले की तळ लोंबतो, आणि नवीन आधार तो बाक कायमचा पकडून ठेवतात. मग होडी पुन्हा पहिल्यासारखी पळत नाही. दर दीड-दोन फुटांवर ठोकळे, वाळूच्या गोणी लावा. नाळेपासून (पुढच्या टोकापासून) मागच्या फळ्यापर्यंत दोरी ताणा, दर फुटाला दोरीपासून तळ किती खाली आणि आधाराचा माथा किती खाली ते लिहून ठेवा. पुठ्ठ्याचे साचे कापा, बोल्टांच्या जागा त्यावर उतरवा, फोटो काढा. हे हातात आल्यावरच कापा, तेही एका वेळी एकच आधार. दोरीचं माप रोज तपासा.

प्लाय आयएस ७१० (समुद्री प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचाच आणा. शक्य असेल तर इपॉक्सी रेझिन घ्या, लाकडाला ती पॉलिएस्टरपेक्षा घट्ट धरते. पण तिच्यासोबत शिवलेलं कापड लागतं, कारण काचेच्या तुकडे तंतूंच्या साध्या चटईचा बांधक (तंतू धरून ठेवणारा चिकट पदार्थ) पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्येच विरघळतो. पॉलिएस्टर वापरणार असाल तर कोबाल्ट (रेझिन घट्ट व्हायचा वेग वाढवणारं द्रव) आणि कॅटॅलिस्ट (ते घट्ट करणारं द्रव) थेट एकमेकांत कधीच मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग कॅटॅलिस्ट. बाटल्या वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवा.

फिल्टरचा मास्क, गॉगल, पूर्ण बाह्या. काचेची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका, मदतीला येणाऱ्या पोरालाही मास्क द्या.

प्लाय तळाला थेट टेकवू नका, तिथे तळावर ताण येऊन तडा जातो. खाली फोमची पट्टी द्या. पाणी वाहायची भोकं आधार बसवण्याआधीच पाडा आणि भोकाच्या आतलं उघडं लाकूड रेझिनने झाका, भोक मोकळंच ठेवा, कारण कूज पुन्हा सुरू होते ती तिथूनच.