मोरावळा का बिघडतो? काढा आणि हळदीच्या दुधातल्याही या चुका टाळा

कार्तिकापासून माघापर्यंत ताजे आवळे मिळतात, आणि सर्दी-खोकल्याचे दिवसही तेच. त्यामुळे याच काळात घरोघरी मोरावळा घातला जातो आणि पुष्कळ ठिकाणी तो फसतोही. आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. क जीवनसत्त्व नियमित घेतल्याने सर्दी होणं थांबत नाही, फार तर ती थोडी लवकर बरी होते. तेव्हा बरणीकडून चमत्काराची अपेक्षा नको, पण ती आंबून फेकून द्यायची वेळही येऊ नये.

आवळा आक्रसून रबरासारखा होतो

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. कच्चा किंवा अर्धवट वाफवलेला आवळा एकदम घट्ट पाकात टाकला की पाक आवळ्यातलं पाणी भराभर ओढून घेतो. साखर मात्र आत तितक्या वेगाने शिरत नाही. आवळा सुरकुततो, आतून तुरट राहतो, आणि मग कितीही उकळला तरी मऊ होत नाही.

1 किलो मोठे, डाग नसलेले आवळे घ्या. स्टीलच्या काट्याने प्रत्येकाला सगळीकडून बीपर्यंत टोचे मारा. वरवर टोचलं तर पाक आत जायला वाट मिळत नाही. 1 लिटर पाण्यात छोटा चमचाभर खायचा चुना कालवून निवळू द्या आणि वरच्या निवळीत आवळे रात्रभर ठेवा. चुन्यामुळे गर घट्ट राहतो, पाकळ्या सुटत नाहीत. सकाळी चार-पाच पाण्यांनी धुवा, नाहीतर चुन्याची चव राहते.

मग 8 ते 10 मिनिटं वाफवा. पाण्यात उकळून ते पाणी ओतून देऊ नका, कारण क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि मोरीत जातं. आवळ्यावरच्या रेषा उठून दिसू लागल्या की गॅस बंद करा. पाकळ्या उघडल्या तर वेळ जास्त झाला.

साखर सव्वा किलो, पण दोन हप्त्यांत. पहिल्या दिवशी 600 ग्रॅम साखर आणि 600 मिलिलिटर पाण्याचा पातळ पाक करून त्यात आवळे मंद आचेवर 10 मिनिटं ठेवा आणि रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी उरलेली साखर घालून पक्का एकतारी पाक (दोन बोटांत धरून ओढल्यावर एक तार निघेल असा) होईपर्यंत शिजवा.

झालं म्हणून बरणी भरली, चार दिवसांत पाक पातळ

यात पाक चुकलेला नसतो. आवळा मुरताना पाणी सोडतच राहतो. घाई करून पहिल्याच दिवशी बरणी बंद केली की साखरेचं प्रमाण खाली येतं आणि यीस्टचं फावतं. पाकात वजनाने 65 ते 70 टक्के साखर असेल तरच मोरावळा बाहेर टिकतो. म्हणून दोन दिवस पातेल्यातच झाकून ठेवा. पाक सैल झाला असेल तर आवळे बाजूला काढून फक्त पाक परत एकतारी करा, गार करा आणि आवळ्यांवर ओता. बहुधा असं दोनदा करावं लागतं.

बरणीत बुडबुडे आणि किंचित आंबूस वास एवढंच असेल तर लगेच पाक उकळून वाचवता येतो. बुरशी दिसली तर मात्र वरचा थर काढून भागत नाही, सगळी बरणी टाकून द्या. तळाशी साखर बसली असेल तर पाक जास्त आटला आहे. दोन-तीन चमचे पाणी घालून मंद आचेवर विरघळवा. रंग काळा पडला असेल तर भांडं लोखंडी होतं का ते आठवा: आवळ्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळं होतं. ॲल्युमिनियमही नको, स्टील वापरा. आणि ओला चमचा नको, हे आजी सांगायची ते पूर्ण शास्त्रोक्त आहे.

साखरेऐवजी गूळ घातला की मोरावळा ‘पौष्टिक’ होतो असा समज आहे. गूळही साखरच, शिवाय हवेतला ओलावा ओढतो, त्यामुळे फ्रिजमध्येच ठेवावा लागतो. मधुमेह असलेल्यांनी मोसमात ताजा आवळा मीठ लावून खावा, तेच बरं. प्रौढांना दिवसाला 65 ते 80 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं आणि एका मध्यम ताज्या आवळ्यातून त्यातलं बरंचसं मिळतं.

काढा: जेवढा कडू तेवढा गुणकारी नव्हे

2020 मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुकांचा काढा दिवसातून एक-दोनदा घ्यायला सांगितला होता. लोकांनी तो चार-चारदा, अर्ध्यावर आटवून प्यायला आणि मग छातीत जळजळ, तोंड येणं सुरू झालं. दोघांसाठी 2 कप पाणी, 8-10 तुळशीची पानं, 3 मिरी, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, पाव चमचा सुंठ आणि 5-6 मनुका पुरेत. 5-7 मिनिटं मंद उकळा आणि गाळा. मध घालायचा तर काढा कोमट झाल्यावर. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, चाटवूही नका: त्यातल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते.

ज्येष्ठमध घशाला आराम देतं, पण रोज घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. ब्लड प्रेशरच्या माणसाने ते काढ्यातून वगळावं. गुळवेलीच्या बाबतीत जास्त जपा. तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने गुळवेलीवरचा ठपका मान्य केला नाही. वाद काहीही असो, तिच्यासारख्या दिसणाऱ्या वेली आहेत. कुंपणावरची अनोळखी वेल तोडून महिनोन्‌महिने उकळून पिऊ नका.

हळदीचं दूध

पाण्यात नुसती हळद ढवळून पिण्यात फारसा अर्थ नाही. हळदीतलं कर्क्युमिन हे मुख्य द्रव्य पाण्यात विरघळत नाही आणि शरीरात नीट शोषलं जात नाही. दुधातली साय आणि चिमूटभर मिरपूड यांनी शोषण सुधारतं. 150 मिलिलिटर दुधाला अर्धा चमचा हळद बस. हळद घालून दूध एकदा उकळा, म्हणजे कच्चट वास जातो. भडक पिवळी सुटी हळद घेऊ नका, तिच्यात शिसंयुक्त रंगाची भेसळ असू शकते. हळकुंडं आणून दळलेली बरी. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर रोज हळदीचं दूध सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.