ब्रुसेल्सच्या धोरण-पत्रकारितेत पाऊल टाकताना

युरोपीय राजकारण आणि धोरणनिर्मितीला वाहिलेल्या मासिकासाठी लिहू इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना युरोपीय संघाचा आयोग, संसद आणि मंत्रिपरिषद म्हणजे काय हे ठाऊक असते, म्हणून ते येथे पुन्हा सांगत नाही. मात्र आयोगाने मांडलेला प्रस्ताव म्हणजे कायदा नव्हे, हे वाक्य पाठ असणे आणि लेख लिहिताना प्रत्येक ओळीत त्याचे भान राहणे, यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर कापताना मला जितके कष्ट पडले तितके फ्रेंच शिकतानाही पडले नाहीत, म्हणून या एकाच मुद्द्यावर मी अधिक वेळ घेणार आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा कायदा घ्या. आयोगाने प्रस्ताव एप्रिल २०२१ मध्ये मांडला. मंत्रिपरिषदेची भूमिका डिसेंबर २०२२ मध्ये ठरली, संसदेची जून २०२३ मध्ये. त्यानंतर तिन्ही संस्थांच्या प्रतिनिधींचे ट्रायलॉग, म्हणजे त्रिपक्षीय वाटाघाटी, बंद दाराआड झाले, डिसेंबर २०२३ मध्ये राजकीय समझोता झाला, आणि संसदेचे अंतिम मतदान, परिषदेची मंजुरी व राजपत्रातील प्रसिद्धी हे टप्पे ओलांडून कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. तरीही त्यातील बहुतेक तरतुदी त्या दिवशी लागू झाल्या नाहीत. त्यांना पुढच्या वेगवेगळ्या तारखा दिल्या गेल्या. सर्वसाधारण उपयोगाच्या, म्हणजे अनेक प्रकारच्या कामांना वापरता येणाऱ्या, ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांवरील बंधनांना वाटाघाटींच्या अखेरच्या टप्प्यात फ्रान्स, जर्मनी आणि इटली यांनी विरोध केला, त्यांच्यासाठी मूळ प्रस्तावात स्वतंत्र प्रकरणच नव्हते. म्हणजे २०२१ चा मसुदा वाचून ‘युरोपने असे ठरवले’ असे लिहिणाऱ्याच्या हातून या कायद्यातील सर्वांत मोठा वाद निसटला असता. रासायनिक कीटकनाशकांचा वापर निम्म्यावर आणू पाहणारा जून २०२२ चा प्रस्ताव तर संसदेने नोव्हेंबर २०२३ मध्ये फेटाळला आणि पुढे आयोगाने तो मागेच घेतला.

म्हणून प्रत्येक मजकुरात ‘प्रस्तावित’, ‘संसदेला मान्य’, ‘समझोता झालेला’ आणि ‘लागू’ यांपैकी कोणती अवस्था आहे हे स्पष्ट लिहा. मंत्रिपरिषदेतील मतांचे गणितही स्वतः मांडायला शिका: बहुतेक विषयांत २७ पैकी किमान १५ देश आणि संघाच्या लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के, अशा दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात, त्यामुळे तटस्थ राहणाऱ्या देशाचे मत प्रत्यक्षात विरोधातच जाते.

आता थोडे कठोर बोलते. प्रसिद्धिपत्रके आणि विचारगटांचे (थिंक टँकांचे) सारांश यांवर लेख उभा करू नका; संगणकाने काढून दिलेले सारांश तर त्याहून घातक, कारण त्यांत अवस्थांचा हा फरक सर्वांत आधी पुसला जातो. आयोगाच्या मुख्यालयात, बेर्लेमाँ इमारतीत, दुपारी बारा वाजता होणारी पत्रकार परिषद जरूर ऐका, पण तेथे मिळालेले उत्तर सगळ्यांनाच मिळालेले असते. वृत्तसंस्था ते काही मिनिटांत देतात, मासिकाला त्यापलीकडचे हवे असते. मार्गदर्शकाबाबत माझे मत ठाम आहे. नामवंत स्तंभलेखकाच्या मागे फिरण्यापेक्षा एखाद्या संसदीय समितीचे काम वर्षानुवर्षे पाहणाऱ्या सहायकाशी किंवा तुमच्या मजकुरातील प्रत्येक तारीख तपासणाऱ्या उपसंपादकाशी नाते जोडा. अशी माणसे सभा-संमेलनांत दिसत नाहीत, पण कोणती दुरुस्ती खरी आहे आणि कोणती केवळ दाखवण्यापुरती, हे त्यांना कळते.

यातील काहीही आवाक्याबाहेरचे नाही. संसदीय समित्यांच्या बैठका इंटरनेटवर थेट दिसतात, खासदारांच्या दुरुस्त्या प्रसिद्ध होतात आणि त्या इंग्रजीत वाचता येतात. पुण्यात किंवा कोल्हापुरात बसूनही एखादी फाइल, म्हणजे एखाद्या प्रस्तावाचे प्रकरण, पहिल्या मसुद्यापासून पाहता येते. ट्रायलॉगमधील चार स्तंभांचा दस्तऐवज (तिन्ही संस्थांचे मसुदे आणि तडजोडीचा मजकूर शेजारी शेजारी मांडणारा) मात्र सहसा ओळखीशिवाय मिळत नाही, आणि ती ओळख व्हायला वेळ लागतो. तो लागू द्या. आयोगाची पाच महिन्यांची प्रशिक्षणार्थी योजना मार्च आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होते व तीत संघाबाहेरच्या नागरिकांनाही मर्यादित जागा असतात, तेव्हा अर्ज जरूर करा. तोवर एकच फाइल निवडा, आणि संपादकाला लेखाची कल्पना कळवताना ती फाइल सध्या कोणत्या समितीत आहे व पुढचे मतदान केव्हा आहे, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा.