खुराड्यात लाल किडे झाले असतील तर काय कराचं

दिवसा कोंबडी हातात घेऊन पाहा तर आंगावर काहीच दिसत नाही, पण तुरा फिका पडत चालला, आंडे कमी झाले, अन् संध्याकाळ झाली की कोंबड्या खुराड्यात जायले मागंपुढं करतात नाहीतर सरळ निंबाच्या झाडावर जाऊन बसतात, असं होत असंल तर बहुतेक लाल किडेच असतात. खुडूक बसवलेली कोंबडी आंडे सोडून उठून पळाली तरी तेच समजा. आपल्याकडं कोणी याले पिसवा म्हणते, कोणी उवा म्हणते, दवाईच्या दुकानात मात्र माइट म्हणूनच सांगा, कारण उवांचा इलाज वेगळा असते.

खात्री कराची असंल तर रात्री जेवण झाल्यावर टॉर्च अन् पांढरं फडकं घेऊन जा. कोंबड्या ज्या बल्लीवर बसतात तिच्या खालच्या अंगानं फडकं दाबून ओढा. लाल रेघा उमटल्या तर ते तुमच्या कोंबडीचंच रगत आहे. हा किडा जेमतेम एक मिलिमीटरचा, उपाशी असला की करडा-पांढरा, पोट भरलं की लाल. रात्री बाहेर येते, रगत पिते अन् उजाडाच्या आत परत फटीत. दिवसा पाहाचं असंल तर बल्ली जिथं सुतळीनं बांधली आहे ती गाठ सोडा, आत करडी भुकटी दिसते अन् थोडं थांबून पाहिलं तर ती भुकटी चालाले लागते.

म्हणजे कोंबडीच्या आंगावर पावडर मारून काम भागत नाही राजेहो, घर तर त्याचं लाकडात आहे. गरमी अन् दमटपणा असला की आंड्यापासून आंडे देणारा किडा व्हाले आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून पावसाळ्यात अन् पोळा-दसऱ्याच्या टायमाले हे एकदम फुटतात. अन् काही लोकं म्हणते का खुराडं पंधरा दिवस रिकामं ठेवा, आपोआप मरतात. नाही मरत. बिना खाण्याचे कित्येक महिने राहू शकतात ते.

उन्हाचा दिवस पाहा अन् सकाळीच लागा, कारण संध्याकाळपर्यंत सगळं वाळलं पाहिजे. कोंबड्या बाहेर सोडा, आंड्याच्या टोपल्यातलं कुटार, तणस, जुनं पोतं सगळं काढून तिथंच अंगणाच्या कोपऱ्यात जाळा, उकिरड्यावर फेकू नका, रात्री तिथून चालत परत येतात. विष्ठा खरवडून काढा. मंग बल्ल्या, फळ्या, तट्टा जेवढं सुटते तेवढं सोडा, सुतळ्या जाळून नव्या आणा, बल्लीची साल निघत असंल तर पुरी सोलून टाका कारण सालीखालीच मोठी वस्ती असते. सुटलेल्या लाकडावर उकळतं पाणी अन् निरमा, फटीफटीत जाईल असं ओता. मे महिना असंल तर अर्धं काम ऊनच करते, 45 च्या वर तापमान या किड्याले सोसत नाही, अन् आपल्या अकोला-चंद्रपूरच्या उन्हात टिनपत्रा केवढा तापते ते सांगाची गरज नाही. सुटे भाग दोन-तीन दिवस टिनावर उलटेपालटे करत ठेवा. लोखंडी जाळी असंल तर तिच्यावरून आगीचा टेंभा फिरवला तरी चालते, पण तट्ट्याच्या नाहीतर पऱ्हाटीच्या कुडाच्या खुराड्यात आगीच्या भानगडीत बिलकुल पडू नका.

मातीची भिंत असंल तर पोपडे काढा, शेणामातीनं भेगा लिंपा, वाळल्यावर चुना मारा, जरा घट्टच, म्हणजे बारीक फटी बुजतात.

आता दवाई. डेल्टामेथ्रिन नाहीतर सायपरमेथ्रिन, जनावरांसाठी मिळते तीच, अन् किती मिली टाकाची ते बाटलीवर वाचून नाहीतर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून. फवारताना आत कोंबडी, पिल्लं, आंडे, पाण्याचं भांडं काही नको, पुरं वाळल्यावरच कोंबड्या आत. मोकळ्या भिंतीवर दवाई वाया घालवू नका, नोझल फटीत घाला, बल्लीच्या टोकाले, जोडावर, खिळ्याच्या भोकात. तोंडाले कपडा, हातात मोजे.

अन् एक गोष्ट कडक सांगतो, घरात कपाशीची उरलेली दवाई पडली आहे म्हणून ती खुराड्यात मारू नका. मोनोक्रोटोफॉस नाहीतर तसलं काही असंल तर कोंबड्या तर जातीलच, आंड्यातून लेकराबाळांच्या पोटात जाईल ते वेगळं. 2017 ले यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन किती शेतकरी गेले ते आपल्याले माहीत आहे, अन् ते तर उघड्या वावरात फवारत होते. शेतातला पंपही वापरू नका, कितीही धुतला तरी टाकीत वास राहतेच, शंभर-दीडशेचा हातपंप वेगळा घ्या. दवाई माराची नसंल तर कडुनिंबाचं तेल ब्रशनं फटीत भरा, काम करते, पण हळू, अन् वारंवार करा लागते.

इथपर्यंत सगळे करतात. गाडी अडते ती याच्या पुढं. पहिल्या फवारणीनं चालते-फिरते किडे मरतात, फटीतल्या आंड्यांले काही होत नाही, आठवड्यात नवीन पिढी तयार. म्हणून पाच ते सात दिवसांनी दुसरी फवारणी, परत आठवड्यानं तिसरी, किडे दिसो का न दिसो. तिसऱ्या वेळेनंतरही फडक्यावर लाल रेघ येत असंल तर तीच दवाई जास्त कडक करू नका, किडे तिले सरावले असतील, डॉक्टरले विचारून दुसऱ्या गटाची घ्या.

परत चढू नये म्हणून बसाची बल्ली भिंतीले टेकू देऊ नका. चार पायांवर उभी करा अन् प्रत्येक पाय जळालेल्या ऑइलच्या डब्यात ठेवा, डब्यावर झाकण कापून बसवा नाहीतर पिल्लं त्यात पडतात. बल्लीखाली नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा बांधून ठेवा, पहाटे किडे लपाले त्याच्यातच घुसतात, दर दोन-तीन दिवसांनी दुपारी तो पुठ्ठा काढून सरळ चुलीत. लय सस्ता उपाय आहे, अन् किती किडे उरले तेही त्यावरूनच समजते.

कोंबड्यांसाठी एका कोपऱ्यात खड्डा करा, चाळलेली राखुंडी, कोरडी माती अन् वाळलेल्या निंबाच्या पानाचा भुगा टाका, बाकी ते त्यांचे लोळून घेतात. जिचा तुरा पांढराफट झाला तिले वेगळी ठेवा, दाणा वाढवा, शेवग्याचा पाला द्या. लहान पिल्लं या किड्यांनी रातोरात मरू शकतात, त्यांची जागा तर आधी बदला. इंजेक्शनची दवाई ऐकीव माहितीवर देऊ नका, आंडे किती दिवस खाता येत नाहीत ते डॉक्टरच सांगू शकते.

दिवसाढवळ्या कोंबडीच्या मागच्या बाजूले, पिसांच्या बुडाशी काळपट मळ अन् किडे दिसले तर तो दुसरा माइट आहे, तो कोंबडीच्या आंगावरच राहते, तिथं मात्र कोंबडीवरच इलाज करा लागते. फवारणी करून आल्यावर तुमच्याही आंगाले खाज सुटंल, घाबराचं कारण नाही, हे किडे माणसावर घर करत नाहीत, आंघोळ करा अन् कपडे गरम पाण्यात टाका.

बाजारातून नवीन कोंबडी आणली तर तीन आठवडे तरी वेगळ्या डाल्याखाली. वळचणीले चिमण्या-पारव्यांचे घरटे असतील तर पिल्लं उडून गेल्यावर काढून टाका, बरेच वेळा किडे तिथूनच उतरतात. अन् शेजाऱ्याचं डालं उसनं आणलं तर खुराड्याजवळ न्याच्या आधी त्याच्यावर उकळतं पाणी ओता, शेजारी रागावला तरी चालंल.