दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेऊन पहिला कॅम्प: सामान कसं बांधायचं

पहिल्या खेपेला एकच रात्र ठरवा. जागा अशी निवडा की गाडी तंबूपर्यंत जाईल आणि वेळ आलीच तर रात्रीतूनही घर गाठता येईल. सामानाच्या आधी हे सांगायचं कारण म्हणजे सामान यावरच ठरतं. पाठीवर वाहायची वेळ आली की वजन कमी करण्यासाठी वस्तू गाळाव्या लागतात, आणि गाळल्या जातात त्या बहुधा मुलाच्याच, कारण आकाराने त्याच मोठ्या असतात.

यादीची सुरुवात स्वयंपाकाच्या भांड्यांपासून नको, रात्रीपासून करा. दिवसा हे वय माती, दगड आणि काटक्या यांत तासन्‌तास रमतं. खेळणी दोन-तीन पुरतात: एक फावडं, एक छोटी बादली, एखादा चेंडू. बिनसतं ते रात्री. मुलाला थंडी वाजते, डायपर गळतो, अनोळखी अंधारात जाग येते आणि मोठ्यांना हवी ती पिशवी सापडत नाही.

झोपेचं सामान

तंबूवर 'चार माणसांचा' असं लिहिलेलं असतं ते चार मोठी माणसं खांद्याला खांदा लावून झोपतील या हिशोबाने. दोन मोठे, एक मूल आणि रात्री हाताशी लागणाऱ्या पिशव्या यांना चारजणांचाच तंबू हवा. लहान तंबूत मूल झोपेत सरकत भिंतीला टेकतं. पहाटे श्वासातली वाफ त्या कापडावर आतून जमलेली असते, त्यामुळे पांघरूण ओलं होतं. म्हणून वरच्या जाळीच्या खिडक्या गारठ्यातही थोड्या उघड्या ठेवा. त्या बंद केल्या की ऊब फारशी वाढत नाही, ओल मात्र वाढते.

थंडी सगळ्यात जास्त खालून लागते. अंगाखाली आलेलं पांघरूण चेपलं जातं, त्यातली हवा निघून जाते आणि मग ते ऊब धरत नाही. म्हणून पांघरुणापेक्षा मॅटकडे आधी लक्ष द्या. नुसत्या हवेच्या जाड गादीत आतली हवा फिरत राहते आणि अंगाची उष्णता जमिनीत नेऊन सोडते, त्यामुळे मऊ असूनही ती गार पडते. शिवाय दीड वर्षाच्या आतल्या मुलाला तिच्यावर झोपवूच नये: गादी खचते, नाक-तोंड दबून श्वास अडकू शकतो. मुलासाठी घट्ट फोमची मॅट चांगली. चांगल्या मॅटवर 'आर-मूल्य', म्हणजे ती उष्णता किती अडवते त्याचा आकडा, छापलेला असतो. उबदार दिवसांत २ च्या आसपास चालतं, रात्री चांगलाच गारठा पडणार असेल तर ४ किंवा अधिक हवं. एकावर एक दोन मॅट घातल्या तर दोन्हींच्या मूल्यांची बेरीज होते, म्हणून नवी महागडी मॅट घ्यायलाच हवी असं नाही.

मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगमध्ये मुलाला एकटं झोपवू नका. ते आत घसरतं आणि तोंड झाकलं जातं. आतली मोठी पोकळी त्याच्या इवल्याशा अंगाला तापवताही येत नाही. या वयात पांघरूण लाथेने उडवणं हा नियमच असतो, त्यामुळे अंगात घालायची, हात मोकळे ठेवणारी झोपेची पिशवी सगळ्यात उपयोगी. तिच्या आत पातळ पूर्ण बाह्यांचा थर, त्यावर फ्लीसचा किंवा लोकरीचा थर आणि पायात मोजे. ऊब तपासायची ती मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून. तळहात गार असणं साहजिक आहे. मानेला घाम असेल तर लगेच एक थर काढा. घामाने भिजलेले कपडे मध्यरात्रीनंतर थंडगार पडतात आणि मूल रडत उठतं. मूल एक वर्षाच्या आतलं असेल तर जवळ सुटं पांघरूण किंवा उशी काहीच ठेवू नका.

रात्रीचे कपडे वेगळे बांधा आणि झोपायच्या वेळीच काढा. दिवसभराचे कपडे दिसायला स्वच्छ असले तरी त्यांत घामाची ओल मुरलेली असते.

घरी ज्या दुपट्याशिवाय किंवा ज्या बाहुलीशिवाय झोप येत नाही, ती वस्तू न धुता घ्या. तिचा वास मुलासाठी घरचा असतो.

निघण्याच्या आठवडाभर आधी तंबू एकदा उभा करा. खुंट्या मोजा, दांडे जोडून पाहा, चेन दोन्ही बाजूंनी सरकवा. ओला गुंडाळलेला तंबू असेल तर बुरशीचा वास लगेच कळेल. मग दुपारची झोप मुलाला त्याच मॅटवर, त्याच झोपेच्या पिशवीत घेऊ द्या. जागा नसेल तर नुसती मॅट आणि पिशवी घरातल्या जमिनीवर घातली तरी अर्धं काम होतं.

कपडे आणि डायपर

एका रात्रीच्या, म्हणजे दोन दिवसांच्या कॅम्पला पाच जोड घ्या: दिवसाला दोन आणि एक राखीव. प्रत्येक जोड, अगदी मोज्यांसकट, वेगळ्या झिपवाल्या पिशवीत घालून हवा दाबून काढा. एका हातात चिखलात बसलेलं मूल असताना दुसऱ्या हाताने एकच पिशवी उचलता आली पाहिजे. परतताना ओले कपडे त्याच पिशवीत जातात. बूट दोन जोड हवेत, दोन्ही बंद पुढच्या टोकाचे, कारण एक जोड भिजणारच. पायापासून डोक्यापर्यंत एकसंध रेनकोट हा या वयात पावसाइतकाच दवासाठी लागतो. सकाळचं गवत गुडघ्यांपर्यंत भिजवतं.

डायपर किती? घरी चोवीस तासांत जितके लागतात त्यांची दोन दिवसांची बेरीज करा आणि त्यावर निम्मे वाढवा. रात्रीसाठी एक आकार मोठा घ्या, म्हणजे जास्त शोषलं जातं आणि मध्यरात्री थंडीत बदलायची वेळ सहसा येत नाही. ओले वाइप्स गारठ्यात बर्फासारखे लागतात, म्हणून चार-पाच छोट्या पिशवीत घालून झोपताना स्वतःच्या स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा. वापरलेले डायपर एकात एक अशा दोन पिशव्यांत बांधून गाडीत ठेवा. तंबूबाहेर ठेवले तर वासाने प्राणी येतात. ते पुरू नका आणि जाळूही नका: प्लास्टिक आणि शोषक जेल कुजत नाही, जाळल्यास विषारी धूर होतो.

मूल पॉटीवर बसायला शिकत असेल तर घरचीच पॉटी न्या, आत पिशवी लावता येते. अनोळखी अंधाऱ्या शौचालयाला घाबरून मुलं शौच रोखून धरतात आणि दुसऱ्या दिवशी पोट दुखून चिडचिड सुरू होते. त्या चिडचिडीचं कारण बाहेर शोधत बसलो तर ते सापडत नाही.

औषधांची पेटी

यात कमी वस्तू, पण नेमक्या. तापाचं औषध मुलाच्या वजनाप्रमाणे किती द्यायचं ते डॉक्टरांकडून विचारून डब्यावरच लिहून ठेवा. थेंबांचं औषध आणि सिरप यांची तीव्रता वेगळी असू शकते, त्यामुळे एकाचं माप दुसऱ्याला लावू नका. मापाची सिरिंज, थर्मामीटर, चिमटा, पट्ट्या, जखम धुवायला जंतुनाशक, आणि ओआरएसची पाकिटं. पाकीट किती पाण्यात मिसळायचं ते त्यावरच छापलेलं असतं आणि तेवढंच पाणी घ्यायचं, कमी किंवा जास्त नाही. जवळच्या रुग्णालयाचा पत्ता आणि रस्ता कागदावर लिहून घ्या; फोनला रेंज नसेल तर नकाशा उघडत नाही.

डासांसाठी डीट (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं, अंगाला लावायचं औषध १० ते ३० टक्क्यांपर्यंतचं वापरता येतं. आधी मोठ्यांनी आपल्या हातावर घ्यावं आणि मग मुलाच्या अंगाला लावावं. मुलाच्या हातांना, डोळ्यांजवळ आणि तोंडाजवळ नको, कारण हात तोंडात जातातच. लेमन युकॅलिप्टस तेलाची उत्पादनं तीन वर्षांच्या आतल्या मुलांना लावू नयेत. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, दर दोन तासांनी, आणि डासांचं औषध नेहमी सनस्क्रीन सुकल्यावर वरून. तरीही सगळ्यात भरवशाचं संरक्षण म्हणजे पूर्ण बाह्या, लांब विजार आणि जाळी.

एक वस्तू पेटीत नाही, पण तपासायलाच हवी: लहान कंदील, दिवे, वाजणारी खेळणी यांच्यातल्या बटणासारख्या बॅटऱ्या. अशी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. ज्या वस्तूचं बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ती घरीच ठेवा. गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठा.

खाणं आणि पाणी

पहिल्या रात्रीचं जेवण घरून शिजवून न्या, तिथे फक्त गरम करायचं. पोहोचल्यावर अंधार पडायच्या आत तंबू, अंथरूण आणि मुलाचं जेवण ही तिन्ही कामं एकदम येतात. नवा पदार्थ कॅम्पवर करून पाहू नका, मुलाला तोच ओळखीचा घास द्या. अख्खी द्राक्षं, दाणे, पॉपकॉर्न असं काही नको: चालता-पळता खाताना घशात अडकतं.

पिणं आणि स्वयंपाक यासाठी माणशी रोज ४ लिटर पाणी धरा आणि मुलाच्या धुण्या-पुसण्यासाठी आणखी ५ लिटर. तिथल्या पाण्याची खात्री नसेल तर ते एक मिनिट खळखळून उकळा, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. थंड पेट्या दोन ठेवा, एक पेयांची आणि एक दूध-अन्नाची. पेयांची पेटी सतत उघडली जाते आणि तिच्यातला बर्फ लवकर वितळतो. अन्नाच्या पेटीत सुट्या तुकड्यांऐवजी बर्फाची मोठी लादी जास्त टिकते.

शेगडी किंवा कोळसा कितीही थंडी असली तरी तंबूत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपेत कळतच नाही.

गाडीत भरायचा क्रम

सगळ्यात शेवटी लागणारं सगळ्यात आधी भरा. वरती, डिकी उघडताच हाती येईल असं: ताडपत्री, तंबू, हातोडा, मुलाची पिशवी. मुलाच्या पिशवीत एक जोड कपडे, तीन डायपर, वाइप्स, पाणी, थोडा खाऊ, टॉर्च आणि दुपटं. ही पिशवी बाकी सामान उतरवेपर्यंत पुरते.

तंबू उभारताना मूल एका मोठ्याकडेच असावं, अंगावर बांधून घ्यायचं किंवा दोन दगड आणि बादली देऊन शेजारी बसायचं. दोघांनी मिळून खुंट्या ठोकल्या तर मूल नेमकं ताणदोऱ्यांत अडकतं. दोऱ्यांना झगझगीत कापडाच्या पट्ट्या बांधा, पट्ट्या घरूनच कापून न्या.

शेकोटी केलीच तर तंबूपासून चार-पाच मीटर दूर, आणि भोवती हाताएवढं अंतर दगडांनी आखून घ्या. विझवताना बादलीभर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. नुसती माती टाकली तर खाली निखारे सकाळपर्यंत धगधगत राहतात, आणि मुलं राखेत हात घालून भाजतात ती सकाळीच.

परतताना तंबू ओला असेल तर तसाच गुंडाळून आणा, पण घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी पसरून वाळवा.